ज्युनो-१०६ की डीपमाईंड १२? खाऱ्या हवेतला जुना-नवा ॲनालॉग

निकाल आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना घाई आहे ते मोकळे. मालवण-वेंगुर्ला पट्ट्यात राहत असाल, घरात कोणाला सोल्डरिंग येत नसेल आणि सिंथ (सिंथेसायझर, आवाज स्वतः घडवायचा कीबोर्ड) गाडीत टाकून कार्यक्रमांना न्यायचा असेल तर नवा, म्हणजे डीपमाईंड, घ्या, जुन्या ज्युनोच्या नादाला लागू नका. पण एक गोष्ट जुन्यात आहे जी मला नव्यात अजून नीट सापडलेली नाही, आणि गंमत म्हणजे तो आवाज नाहीये. त्यावर येतोच.

तर मामला असा. माझ्याकडे बेहरिंगरचा डीपमाईंड १२ आहे. माझा एक मित्र वेंगुर्ल्याला भजनी मंडळात पेटी वाजवतो, त्याच्याकडे रोलँडचा ज्युनो-१०६ आहे, जपानी मॉडेल, मुंबईच्या एका माणसाकडून सेकंडहँड घेतलेला, चिपा आधीच बदललेल्या. दोन्ही त्याच्या माडीवर एकाच टेबलावर शेजारी ठेवले, एकाच मिक्सरमध्ये लावले, आणि मे महिन्यात सुरू केलेलं हे प्रकरण पाऊस लागला तरी चालूच राहिलं. त्याची आई एकदा चहा घेऊन वर आली, थोडा वेळ ऐकलं आणि म्हणाली, "दोनय सारकेच वाजतत मा? मगे दोन कित्याक व्हये?" खरं सांगायचं तर या विषयावर लोक तासन्‌तास जे भांडतात त्याचं यापेक्षा चांगलं सार मी ऐकलेलं नाही.

ज्यांना हे सगळं नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. आपल्याकडे ऑर्केस्ट्रात आणि बेंजो पार्टीत जो कीबोर्ड दिसतो, मग तो एक्सपीएस-१० असो की यामाहाचा कुठला पीएसआर, त्यात आवाज आधी रेकॉर्ड करून ठेवलेले असतात, तुम्ही की दाबली की ते वाजतात. ॲनालॉग सिंथमध्ये असं काही रेकॉर्ड केलेलं नसतं, सर्किटमध्ये व्होल्टेज वरखाली होतं तोच आवाज, तो फिल्टरमधून छाटायचा आणि बाहेर काढायचा. आणि पॉलिफोनिक म्हणजे एकावेळी अनेक सूर. इथेच सगळा खर्च आहे, कारण प्रत्येक सुराला स्वतःचा ऑसिलेटर (मूळ सूर काढणारा भाग), स्वतःचा फिल्टर, स्वतःचा ॲम्प्लिफायर लागतो. सहा सूर हवे तर सहा वेळा तेच सर्किट (अशा एका संचाला व्हॉइस म्हणतात). म्हणूनच १९७७ सालचा यामाहा सीएस-८०, आठ व्हॉइसचा, वजनाला १०० किलोच्या आसपास, तो उचलायला चार माणसं लागायची आणि हलवला की ट्यूनिंग बिघडायचं.

१९७८ मध्ये डेव्ह स्मिथच्या सिक्वेन्शियल सर्किट्सने प्रॉफेट-५ काढला, त्यात मायक्रोप्रोसेसर टाकला, म्हणजे बनवलेला आवाज मेमरीत ठेवून बटण दाबून परत आणता यायला लागला. आज हे ऐकून कोणाला काही वाटणार नाही, पण त्याआधी स्टेजवर गाणं बदललं की सगळे नॉब हाताने फिरवायचे होते. पुढे १९८१ ला रोलँड ज्युपिटर-८ आला, त्याच साली कॉर्ग पॉलिसिक्स आला, ओबरहाईमचे ओबी वगैरे होतेच. आपल्या मुंबईच्या चरणजीत सिंग यांनी १९८२ च्या सुमारास ज्युपिटर-८ वर चक्क राग वाजवून रेकॉर्ड केले, सोबत रोलँडचीच टीआर-८०८ ड्रम मशीन आणि टीबी-३०३ बास मशीन, त्यामुळे "हे परदेशी लोकांचं खूळ, आपल्या संगीताला काय उपयोग" असं म्हणणाऱ्यांना एवढं एक नाव पुरे.

पण या सगळ्या मशिनींना एक खोड होती. ऑसिलेटर व्होल्टेजवर चालायचे, व्हीसीओ म्हणतात ते, आणि ते तापमान बदललं की सरकायचे. भजनात मागे कोरस धरणारे सहाजण असतात ना, सूर एकच, पण प्रत्येकाचा गळा केसभर इकडेतिकडे, आणि त्यामुळेच तो आवाज भरलेला वाटतो, तसं ते. केसभर असेल तोवर स्वर्ग. एखादा जास्तच सरकला की प्रॉफेटवाला ट्यून बटण दाबून सूर परत जुळेपर्यंत थांबायचा.

रोलँडने १९८२ ला ज्युनो-६ आणि ज्युनो-६० मध्ये यावर उपाय काढला, डीसीओ. म्हणजे वेव्ह ॲनालॉगच, पण सुराची उंची ठरवायचं काम डिजिटल घड्याळाकडे. सूर पक्का, किंमत कमी. १९८४ ला आलेला १०६ हा त्याच घरातला, ६ व्हॉइस, १२८ पॅच (मेमरीत ठेवलेले आवाज), मिडी (वाद्यं एकमेकांना जोडायची भाषा), अमेरिकेत लिस्ट किंमत १०९५ डॉलर. म्हणजे आज ज्याला लोक "अस्सल जुना ॲनालॉग" म्हणून डोक्यावर घेतात तो त्या काळात स्वस्तातला, मध्यमवर्गीय सिंथ होता. आणि त्याच्या पोटात बऱ्यापैकी डिजिटल आहे हे कोणी बोलत नाही. ऑसिलेटरचं घड्याळ डिजिटल, एन्व्हलप (सूर कसा चढतो-विरतो ते ठरवणारा) आणि एलएफओसुद्धा (आवाज संथपणे झुलवणारा) प्रोसेसरच बनवतो. तेव्हा "नव्यात डिजिटल कंट्रोल आहे म्हणून तो खरा ॲनालॉग नाही" असं म्हणत कोणी १०६ विकायला आला तर हसून चहा पाजा आणि पाठवून द्या.

१९८३ ला यामाहाचा डीएक्स७ आला आणि या सगळ्यांचा बाजार उठला. पूर्ण डिजिटल, हलका, सूर कधी हलत नाही, इलेक्ट्रिक पियानो आणि घंटेचे आवाज असे की लोक वेडे झाले. ॲनालॉग मशिनी कवडीमोलाने जायला लागल्या. परत उलटी लाट यायला बरीच वर्षं गेली. २०१५ ला प्रॉफेट-६, २०१६ ला डेव्ह स्मिथ आणि टॉम ओबरहाईम यांनी मिळून ओबी-६, त्याच वर्षी कॉर्गने मिनीलॉग काढला, चारच व्हॉइस आणि बारक्या कीज, पण ज्याला पहिल्यांदा खरा पॉली घ्यायचाय त्याच्या खिशाला झेपणारा. मग २०२० ला खुद्द प्रॉफेट-५ परत आला, २०२२ ला ओबरहाईम ओबी-एक्स८. डेव्ह स्मिथ २०२२ मध्येच गेले. मिडी आज जगात आहे ती बऱ्याच अंशी त्या माणसामुळे, एवढं लिहिल्याशिवाय पुढे जाववत नाही.

आता आवाज. डीपमाईंड हा १०६ समोर ठेवूनच बनवलाय हे उघड आहे, तसेच फेडर (स्लायडर), तशीच मांडणी, डीसीओच. पण व्हॉइस १२, प्रत्येक व्हॉइसला दोन ऑसिलेटर, तीन एन्व्हलप, दोन एलएफओ, कीज ४९ आणि त्यांना व्हेलॉसिटी (की किती जोरात दाबली ते कळणं) आणि आफ्टरटच (दाबलेली की आणखी रेटली तर ते कळणं). १०६ ला कीज ६१, पण व्हेलॉसिटी नाही, आफ्टरटच नाही, आणि ऑसिलेटर व्हॉइसला एकच, त्याच्याखाली एक सप्तक खालचा सब आणि नॉइज. अर्पेजिएटरसुद्धा (धरलेले सूर आपोआप एकामागून एक वाजवणारा) १०६ ला नाही, तो ज्युनो-६० ला होता. कागदावर तुलनाच होत नाही.

आम्ही काय केलं, १०६ वरचे नेहमीचे आवाज डीपमाईंडवर कानाने बनवले, इफेक्ट सगळे बायपास, दोन्हीकडे आवाजाची पातळी सारखी केली, लॅपटॉपवर रेकॉर्ड करून एकमेकांना डोळे बांधल्यासारखं हेडफोनवर ऐकवलं. साधा सॉ वेव्हचा (करवतीच्या दातांसारखी लाट) पॅड, म्हणजे मागे भरून राहणारा लांब आवाज, फिल्टर अर्धा उघडा, कोरस (एक आवाज अनेकांसारखा पसरवणारा इफेक्ट) नाही: कोणालाच छातीठोक सांगता आलं नाही. ब्रास, तेच. पल्स-विड्थ (चौकोनी लाटेची रुंदी) हलवत ठेवलेला तानपुऱ्यासारखा ड्रोन, इथे पेटीवाल्याने बरोबर ओळखायला सुरुवात केली, पण कशावरून ओळखतोस विचारलं तर सांगता येईना, मग नीट ऐकलं तर १०६ मध्ये मागे बारीक सूं सूं आवाज येत होता, त्यावरून. म्हणजे गोडव्यावरून नाही, आवाजातल्या घाणीवरून.

फरक पडतो तो दोन ठिकाणी. पहिलं, फिल्टरचा रेझोनन्स (छाटायच्या जागी आवाज टोकदार करणारा) पूर्ण वर नेऊन कटऑफ (कुठून छाटायचं ती जागा) हाताने फिरवला की १०६ जरा रांगडा वागतो, डीपमाईंड जास्त सभ्य वाटतो. हे माझं मत, मोजून दाखवता येणार नाही. दुसरं म्हणजे कोरस. १०६ चा कोरस ही त्याची अर्धी कीर्ती आहे. दोन बटणं, एक आणि दोन, तिसरी काही सेटिंगच नाही. ॲनालॉग डिले चिपमधून जातो म्हणून थोडी हिस्स येते, पण मोनो आवाज एकदम स्टिरिओत पसरतो आणि माडी भरून जाते. डीपमाईंडमधले इफेक्ट डिजिटल आहेत, चार इफेक्ट एकत्र लावता येतात, टीसी इलेक्ट्रॉनिकचा रिव्हर्बसुद्धा आत आहे, कोरसचे प्रकारही भरपूर आणि चांगले आहेत. पण कोरसच्या त्या एका बटणाजवळ ते पोचतात, तिथे बसत नाहीत. स्पीकरमधून ऐकलं तर नव्वद टक्के लोकांना कळणार नाही. गणपतीच्या मंडपात तर शंभर टक्के लोकांना नाही, तिथे शेजारी झांजा आणि ढोलकी असते.

आणखी एक बारीक गोष्ट, हाय-पास फिल्टर. १०६ ला त्याचा स्लायडर फक्त चार पायऱ्यांचा आहे आणि सगळ्यात खालच्या पायरीवर तो काही कापत नाही, उलट खालचा बास वाढवतो. खूप जणांना हे माहीतच नसतं आणि ते "१०६ चा बास कसला जाड" म्हणत फिरतात. डीपमाईंडवाल्यांनी हे लक्षात ठेवून बूस्टचं वेगळं बटण दिलंय. दाबा, जाड होतो.

तर मग जुन्यात असं आहे तरी काय? डावा हात.

हे मला पेटीवाल्याकडे बघून कळलं. पेटीला व्हेलॉसिटी नसते, सूर हळू दाबा की जोरात, आवाज तेवढाच. मग भाव कुठून येतो, तर भात्यातून, डाव्या हाताने. हा माणूस १०६ वर बसला तेव्हा त्याने पहिल्यांदा उजव्या हाताने सुरावट धरली आणि डावा हात आपोआप फिल्टरच्या स्लायडरवर गेला, जसा भात्यावर जातो तसा. सूर लांबवला की स्लायडर हळूच वर, ओळ संपली की खाली. एकही मेनू न बघता, मॅन्युअल न वाचता तो भैरवीत पॅड असा वाजवायला लागला की मी गप्प बसून ऐकत होतो. कारण १०६ वर जे काही आहे ते सगळं समोर आहे, एका कामाला एक स्लायडर, मागे काही लपलेलं नाही. डिस्प्ले म्हणजे नुसते आकडे.

नंतर तोच डीपमाईंडवर बसला. तिथेही कटऑफचा फेडर समोरच आहे, नाही असं नाही. पण तिथे व्हेलॉसिटी फिल्टरला जोडलेली, आफ्टरटच व्हायब्रॅटोला जोडलेला, मॉड्युलेशन मॅट्रिक्सच्या (कशाने काय हलवायचं ते जोडायची यादी) आठ जागांत कोणीतरी काहीतरी भरून ठेवलेलं, आणि हा जरा जोरात दाबायचा तर आवाज उडायचा, त्याच्या बोटाला त्याची सवयच नाही. "ह्यो माझ्या आधीच वाजता," असं म्हणाला. मी त्याला एक पॅच बनवून दिला, व्हेलॉसिटी बंद, आफ्टरटच बंद, मॅट्रिक्स रिकामी, इफेक्ट फक्त कोरस. मग जमला. म्हणजे बघा, नव्याला जुन्यासारखं करायला त्यातलं निम्मं बंद करावं लागलं, आणि ते बंद करण्यासाठी आधी मेनूत हिंडावं लागलं, आणि ते हिंडणारा मी होतो, तो नाही.

उलट बाजूही सांगतो. मी मूळचा पियानोच्या टचवाला, कीबोर्डवर वाढलेला, मला १०६ वर हात बांधल्यासारखे वाटतात. हळू वाजवलेला कॉर्ड आणि दणकून वाजवलेला कॉर्ड एकच ऐकू येतो याचा मला राग येतो. आणि सहा व्हॉइस म्हणजे सहाच. डाव्या हाताने सा, प, वरचा सा असा ड्रोन धरून ठेवला की उजव्या हाताला तीन उरतात, त्यात रिलीज (की सोडल्यावर सूर विरायचा वेळ) लांब ठेवला तर आधीचा सूर विरायच्या आत नवा सूर त्याची जागा चोरतो आणि ड्रोनला मधेच भोक पडतं. डीपमाईंडवर हाच प्रकार निवांत होतो, बारा व्हॉइस संपता संपत नाहीत. अभंगाखाली लांबलचक पॅड ठेवायचा असेल तर हा फरक आवाजातल्या कुठल्याही फरकापेक्षा मोठा आहे.

पट्टीचा मुद्दा आपल्याकडे महत्त्वाचा, परदेशी लोकांच्या तुलनांमध्ये तो येतच नाही. भजनाची पेटी बहुतेक वेळा ४४० हर्ट्झच्या ठरलेल्या पट्टीला नसते, वर किंवा खाली सरकलेली असते, आणि बुवा काळी चार म्हणाले तर काळी चार. १०६ ला मागच्या बाजूला ट्यूनचा छोटा नॉब आहे, पेटीचा सा धरायचा आणि हात मागे घालून जुळवायचं, पाच सेकंद. ट्रान्सपोझचं बटण पुढे. डीपमाईंडवर ट्यूनिंग ग्लोबल मेनूत आहे, अशक्य काही नाही, पण अंधाऱ्या मंडपात बुवांनी खाकरायला सुरुवात केल्यावर मेनू उघडायचा म्हणजे घाम फुटतो.

आता खरा कोकणातला विषय, हवा. इथे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, जून ते सप्टेंबर भिंतीला हात लावला तर ओला होतो, आणि समुद्र जवळ असेल तर वारा खारा. लोखंडी खिळे जिथे दोन पावसाळ्यांत गंजतात तिथे चाळीस वर्षांच्या सर्किटचं काय होणार. १०६ चा जगजाहीर आजार म्हणजे ८००१७ए ही चिप, अशा सहा चिपा असतात, प्रत्येकीत एका व्हॉइसचा फिल्टर आणि ॲम्प्लिफायर. रोलँडने ही छोटी पाटी काळ्या इपॉक्सीच्या लेपात बुडवलेली, तो लेप वर्षांनुवर्षांनी वीज झिरपू द्यायला लागतो आणि मग व्हॉइस कडकड करतो, अडकतो, नाहीतर मरतो. जगभरात होतं हे, कोरड्या हवेतही होतं. उपाय दोन. चिप काढून ॲसिटोनमध्ये एक-दोन दिवस बुडवून लेप सोलायचा, बऱ्याच वेळा ती परत जिवंत होते, किंवा नव्याने बनवलेल्या बदली चिपा मिळतात त्या लावायच्या. दोन्हीत डिसोल्डरिंग नाजूक, घाईने केलं तर बोर्डावरचा ट्रॅक उचलला जातो.

त्यापेक्षा वाईट गोष्ट कॉर्ग पॉलिसिक्सची. आवाज माझ्या मते १०६ पेक्षा सरस, त्यात खरे व्हीसीओ आहेत आणि एन्सेम्बल इफेक्ट तर वेड लावतो. पण त्यात मेमरी टिकवायला निकेल-कॅडमियमची बॅटरी बोर्डवरच बसवलेली असते, ती म्हातारपणी गळते आणि खालचे ट्रॅक खाऊन टाकते. पॉलिसिक्स बघायला गेलात तर विकणाऱ्याला झाकण उघडायला लावा, बॅटरीभोवती हिरवं-पांढरं काही दिसलं तर नमस्कार करून बाहेर पडा. १०६ ची बॅटरी साधी लिथियमची नाणं-बॅटरी, ती गळत नाही सहसा, फक्त संपते आणि १२८ पॅच जातात. त्याला उपाय १९८४ चाच, मागे टेपची सॉकेट आहे, पॅच आवाजाच्या रूपात कॅसेटवर सेव्ह करायचे. कॅसेट कशाला, मोबाईलवर रेकॉर्ड करून ठेवा, चालतं, फक्त फाईल एमपीथ्री करू नका.

मग नव्याला हवा लागत नाही का? लागते की. पण फरक दुरुस्तीत आहे आणि इथे मत थोडं उलटं फिरतं. १०६ चे पार्ट मोठे, पाय भोकातून घातलेले, सर्व्हिस नोट्समध्ये पूर्ण सर्किट छापलेलं. आमच्याकडे कुडाळला एक जुने टीव्ही मेकॅनिक आहेत, पिक्चर ट्यूबच्या जमान्यातले, त्यांना सिंथ म्हणजे काय माहीत नव्हतं, पण नोट्सची झेरॉक्स समोर ठेवली तर पाहिलं, मान डोलावली आणि पॉवर सप्लायचे कॅपॅसिटर तासाभरात बदलून दिले, वर म्हणाले, "सोपा हा, ब्लॅक अँड व्हाईट टीव्ही ह्याच्यापेक्षा कठीण होतो." त्यांनाच डीपमाईंडसारख्या नव्या मशीनचा बोर्ड दाखवाल तर ते चष्मा काढून ठेवतील. सगळं तांदळाच्या कणीएवढं, गरम हवेच्या यंत्राशिवाय निघत नाही, आणि सर्किटचा कागद कंपन्या सहसा देत नाहीत. नवा बिघडला की बोर्डच बदलायचा, म्हणजे मुंबईला पाठवायचा आणि वाट बघायची. वॉरंटी असेपर्यंत नवा निर्धास्त, वॉरंटीनंतर दहा-पंधरा वर्षांनी कोणता जास्त दुरुस्त करण्याजोगा असेल हा खरा प्रश्न आहे, आणि माझं उत्तर, जुना. फक्त तोपर्यंत त्याला सांभाळणारा माणूस पाहिजे.

विजेचंही तसंच. पावसात लाईट जाते-येते, व्होल्टेज नाचतं. नव्याचा पॉवर सप्लाय १०० ते २४० व्होल्ट काहीही घेतो, त्याला फरक पडत नाही. १०६ ला जुन्या पद्धतीचा ट्रान्सफॉर्मर आहे, ज्या देशासाठी बनवला त्या व्होल्टेजचाच, जपानी असेल तर १०० व्होल्ट. म्हणजे स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर आलाच, शिवाय त्याच्या आधी स्टेबिलायझर. आणि घरचा इन्व्हर्टर स्वस्तातला चौकोनी वेव्हचा असेल तर ट्रान्सफॉर्मर घूं घूं करतो आणि ते स्पीकरमध्ये येतं, साईन वेव्हचा इन्व्हर्टर लागतो. डीपमाईंडमध्ये आत पंखा आहे, शांत खोलीत रेकॉर्डिंग करताना तो ऐकू येऊ शकतो, पण सेटिंगमध्ये त्याचा वेग कमी करता येतो. १०६ ला पंखा नाही, तो नुसता कोमट होतो.

पावसाळ्यात दोन्हींसाठी आम्ही एकच करतो. प्लॅस्टिकचं कव्हर घालायचं नाही, आत दमट हवा कोंडते, जुनं सुती लुगडं टाकायचं. रोज थोडा वेळ चालू ठेवायचा, आतल्या उबेने ओल जाते. कार्यक्रम नसेल तेव्हा पेटीवाला १०६ कपाटात ठेवतो आणि कपाटात झिरोचा बल्ब जळत असतो, आमच्याकडे कॅमेरेवाले पूर्वी लेन्सा अशाच ठेवायचे. स्लायडर खरखरायला लागले तर पेट्रोल, रॉकेल, खोबरेल असलं काहीही घालू नका (घालतात लोक, डोळ्यांनी बघितलंय), कॉन्टॅक्ट क्लीनर मिळतो तो वापरा. कीज एकआड एक वाजेनाशा झाल्या तर आतल्या रबरी कॉन्टॅक्टवर आयसोप्रोपिल अल्कोहोल फिरवलं की बहुतेक वेळा जमतं.

बाकी पर्यायांवर दोन शब्द. पैसे असतील आणि जुन्या व्हीसीओचा तो सरकता आवाज हवाच असेल तर नवीन प्रॉफेट-५ बघा. त्यात व्हिंटेज नावाचा नॉब आहे, ४ वर ठेवला तर व्हॉइस शिस्तीत, १ कडे नेत गेलात की पहिल्या आवृत्तीसारखे एकेक व्हॉइस बहकायला लागतात, आणि फिल्टरही दोन जातींचे, स्विच मारून बदलायचे. म्हातारपण नॉबवर मिळतंय, संधिवाताशिवाय. डीपमाईंडमध्येही ऑसिलेटर ड्रिफ्ट म्हणून सेटिंग आहे, थोडंसं वाढवून बघा, पॅड लगेच मऊ होतो, आणि आमच्या त्या चाचणीत ते चालू केल्यावर पेटीवाल्याने नव्याला जुना म्हणून सांगितलं. मिनीलॉग शिकायला उत्तम पण चार व्हॉइसमध्ये ड्रोन धरला की उजव्या हाताला एकच सूर उरतो, आपल्या वाजवण्याला अपुरा. रोलँडचा ज्युनो-एक्स नाव बघून घेऊ नका, तो डिजिटल आहे, वाईट नाही, पण हा विषय नाही.

किमतीचं गणित आज उलटं झालंय. स्वस्तातला म्हणून जन्मलेला १०६ चांगल्या स्थितीत असेल तर नव्या डीपमाईंडपेक्षा महाग पडतो, वर चिपा, ट्रान्सफॉर्मर, स्टेबिलायझर आणि कुडाळच्या खेपा. मी स्वतः बदली करणार नाही. पेटीवालाही करणार नाही, विचारून बघितलं.

तरीही घ्यायचाच असेल कोणाला तर बघायला जाताना हे करा. ट्रान्सपोझचं बटण दाबून धरूनच १०६ चालू करा, तो टेस्ट मोडमध्ये जातो आणि प्रत्येक की दाबली की डिस्प्लेवर व्हॉइसचा नंबर येतो. एकच की सावकाश सहा वेळा दाबा, सहाही व्हॉइस एकेक करून येतील, कोरस बंद ठेवून प्रत्येक नीट ऐका, एखादा दबका, कडकडणारा किंवा सोडल्यावरही गुणगुणत राहणारा असेल तर किंमत तिथेच पाडा. थंड मशीनवर करू नका, अर्धा तास चालू ठेवायला सांगा, दुखणी तापल्यावर बाहेर येतात. कोरसची दोन्ही बटणं वेगवेगळी ऐका. बेंडर (सूर वरखाली ओढायची दांडी) मध्यावर परत येतो का बघा. चिपा बदलल्यात असं म्हणाला तर झाकण उघडून दाखव म्हणा, बदललेल्या चिपा वेगळ्या दिसतात. कुरिअरने मागवणार असाल तर स्लायडरच्या टोप्या काढून वेगळ्या पुडीत बांधायला सांगा, नाहीतर त्या मोडतात आणि तशाच टोप्या शोधत बसावं लागतं. आणि घरी आल्यावर आनंदाच्या भरात लगेच प्लग लावू नका, आधी मागची व्होल्टेजची पट्टी वाचा, १०० लिहिलेलं मशीन २३० मध्ये घातलंत तर पुढची सगळी चर्चा कुडाळलाच होईल.